क्षयरोग नाही, मग काय?
श्वसनविकारांच्या निदानातील दुर्लक्षित दुवा

लखनौ शहरातून सीतापूर मार्गाने उत्तरेकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर बख्शी का तालाब हे गाव लागते. नवाबी काळातील तळ्यावरून नाव पडलेले हे तहसिलीचे ठिकाण भारतीय हवाई दलाच्या तळामुळे देशाला परिचित आहे. या परिसरातील एखाद्या खेड्यातील पन्नाशीच्या स्त्रीची कल्पना करू. तिने आयुष्यभर चुलीपुढे स्वयंपाक केला, विडीला कधी हात लावला नाही, पण दोन वर्षांपासून तिला खोकला आहे आणि पाण्याची घागर उचलताना धाप लागते. आरोग्य केंद्रात तिची थुंकी तपासली जाते. अहवाल येतो, क्षयरोग नाही. खोकल्याचे औषध घेऊन ती घरी परतते. तिला कोणता आजार नाही हे समजले. कोणता आजार आहे, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

ही उणीव एका गावापुरती नाही. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील तालुक्याच्या गावीही हेच चित्र दिसू शकते. क्षयरोगाच्या निदानात देशाने गेल्या दशकात केलेली प्रगती लक्षणीय आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून दोन महत्त्वाच्या गोष्टी पुढे आल्या. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी उपचारच घेतले नव्हते आणि छातीचा एक्स-रे काढला नसता तर आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. त्यानंतर एक्स-रेवरील भर वाढला. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांपर्यंत नेण्यात आली. गोव्यातील कंपनीने तयार केलेले ‘ट्रूनॅट’ हे यंत्र वातानुकूलित प्रयोगशाळा नसतानाही जंतूचा शोध घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये भारतात लाख लोकसंख्येमागे क्षयरोगाचे २३७ नवे रुग्ण होते. २०२४ मध्ये हे प्रमाण १८७ वर आले. २०२५ पर्यंत क्षयरोगाच्या उच्चाटनाचे उद्दिष्ट गाठता आले नसले, तरी दिशा योग्य आहे.

मात्र याच यशातून नवा प्रश्न उभा राहतो. मोहिमेत तपासल्या गेलेल्या बहुसंख्य लोकांना क्षयरोग नसतो. त्यांतील अनेकांना खोकला असतो, धाप असते, काहींच्या एक्स-रेत दोषही दिसतो. त्यांना दमा असेल, श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी असेल, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस असेल किंवा बऱ्या झालेल्या क्षयरोगाने मागे ठेवलेली फुफ्फुसाची हानी असेल. क्वचित हृदयविकारही असू शकतो. कार्यक्रमाच्या नोंदवहीत हे सर्व जण ‘निगेटिव्ह’ या एकाच शब्दात सामावतात.

वास्तविक अशा रुग्णाची तपासणी फार गुंतागुंतीची नाही. खोकला किती दिवसांचा, रात्री वा ऋतुबदलात वाढतो का, घरात चूल आहे का, काम कोणते, हे विचारण्यास दहा मिनिटे पुरतात. श्वासाची गती मोजणे, छाती तपासणे, पल्स ऑक्सिमीटरने रक्तातील प्राणवायू पाहणे, हे कोठेही शक्य आहे. कोरोनाच्या साथीत ऑक्सिमीटर तर घरोघरी पोहोचला. परंतु सीओपीडीच्या आरंभी प्राणवायूची पातळी, एक्स-रे आणि स्टेथोस्कोपने ऐकू येणारा श्वास, तिन्ही सर्वसाधारण असू शकतात. त्याची खात्री पटवते ती स्पायरोमेट्री. रुग्ण छाती भरून श्वास घेतो आणि यंत्रात जोराने फुंकतो. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, यांचे गुणोत्तर पाहिले जाते. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊनही ते ०.७० पेक्षा कमी राहिले आणि लक्षणे जुळली, तर सीओपीडीचे निदान होते. औषधाने मोठा फरक पडला तर दम्याची शक्यता बळावते.

ही तपासणी न झाल्याचे परिणाम आकडेवारीत दिसतात. २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख आणि दम्याचे ३ कोटी ७९ लाख रुग्ण असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०११ मध्ये देशभरातील दोन लाखांहून अधिक बाह्यरुग्णांची एका दिवसाची पाहणी केली, तेव्हा निम्म्या रुग्णांना श्वसनाशी संबंधित तक्रारी होत्या. लखनौ आणि पुणे यांचा समावेश असलेल्या ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या अभ्यासात तर छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के व्यक्तींना दम्याचे निदान झालेलेच नव्हते. निदानाअभावी रुग्ण प्रतिजैविके आणि खोकल्याची औषधे यांवर पैसे खर्च करतो. काही वेळा सिलिकोसिसच्या कामगारावर क्षयरोगाचे उपचार होतात आणि त्याची नुकसानभरपाईची वाट बंद होते.

धोरणाच्या पातळीवर बदल झाला आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ पासून सीओपीडी आणि दमा यांचा समावेश आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने फुफ्फुसांच्या आरोग्याकडे एकत्रितपणे पाहण्याचा ठराव संमत केला. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. स्पायरोमेट्रीसाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, रुग्णाला नीट फुंकण्यास शिकवावे लागते, अन्यथा निष्कर्ष फसवा ठरतो. त्यामुळे प्रत्येक उपकेंद्रात यंत्र ठेवणे व्यवहार्य नाही, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु तहसिलीच्या रुग्णालयात आठवड्यातील एक दिवस श्वास तपासणीसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. प्राथमिक केंद्रात साध्या पीक-फ्लो मीटरने दम्याचा संशय घेता येतो. क्षयरोग मोहिमेतील ‘निगेटिव्ह’ पण लक्षणे असलेल्या व्यक्तींची यादी तयारच असते. ती असंसर्गजन्य रोगांच्या विभागाकडे सोपवण्याचा शिरस्ता पडला, तर नव्या सर्वेक्षणाचीही गरज उरणार नाही. निदानानंतर इनहेलर तेथेच उपलब्ध असणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात श्वसनरोगांची प्रगत तपासणी होते. बख्शी का तालाबहून तेथपर्यंतचे अंतर थोडेच आहे. मात्र बुडणारी मजुरी, गर्दी आणि पुन्हा पुन्हा मारावे लागणारे हेलपाटे यांमुळे ते गरीब रुग्णासाठी बरेच लांब ठरते. क्षयरोगाच्या यंत्रांनी हे अंतर कमी करून दाखवले. श्वासाच्या मोजमापाबाबतही तसेच घडल्यास त्या चुलीपुढच्या स्त्रीला आपल्या आजाराचे नाव गावाजवळच कळू शकेल. उपचारांची सुरुवात तेथूनच होते.