स्पिरिटची शेगडी : बिघडते कुठे, टिकते कशी



आमच्या राजूरसारख्या कोळसा खाणीच्या गावात चूल पेटवण्याचे सगळे प्रकार पाहून झाले आहेत. कोळशाची शेगडी झाली, वातीचा स्टोव्ह झाला, पंपाचा स्टोव्ह झाला आणि शेवटी गॅस आला. आता काही घरांत स्पिरिटची शेगडी दिसते. सिलिंडर संपला की चहापुरती, किंवा वलीम्याच्या जेवणात सालन गरम ठेवायला. ही शेगडी टिकते का आणि घरात ठेवावी का, हे या महिन्यात पाहू.

या शेगडीची खरी कसोटी लागली ती युरोप-अमेरिकेतल्या लहान शिडाच्या बोटींवर. तिथे गॅसची भीती वाटे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो गळला तर दार उघडून बाहेर काढता येतो, पण बोटीच्या तळाशी साचला तर त्याला वाट नसते. एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून बोटवाल्यांनी स्पिरिट पसंत केले. सांडलेले स्पिरिट पाण्यात मिसळते, त्यामुळे भरपूर पाणी ओतले की त्याची आग विझते. रॉकेल मात्र पाण्यावर तरंगत जळत राहते.

आधीच्या बोटींवर पंपाच्या स्पिरिट शेगड्या होत्या. त्यांची तक्रार आपल्या आई-आजीला सांगायला नको! बर्नर आधी तापवावा लागे. तो नीट तापला नाही तर वाफेऐवजी पातळ स्पिरिटच बाहेर येई आणि भडका उडे. पुढे ओरिगो नावाची स्वीडिश शेगडी आली. तिच्यात पंप नाही, पिन नाही, वायसर नाही. एका डब्यात तंतूंचा बोळा गच्च भरलेला असतो आणि वर जाळी असते. बोळा स्पिरिट शोषून धरतो आणि वरून वाफ जळते. डबा आडवा झाला तरी स्पिरिट सहसा सांडत नाही. तुंबायला बारीक भोकच नसल्यामुळे अशी शेगडी वर्षानुवर्षे चालते. तरीही काही दुखणी तिला होतातच.

पहिले दुखणे : आज भरले, आठवड्याने पाहिले तर डबा रिकामा. हे गळणे नव्हे, उडून जाणे आहे. शेगडी थंड झाल्यावर डब्याच्या तोंडावर रबरी झाकण घट्ट बसवावे. रबर कडक झाले किंवा चिरले तर बदलावे. यवतमाळच्या उन्हाळ्यात तर हे विसरूच नये.

दुसरे : ज्योत मंद, पाणी उकळतच नाही. स्वस्त स्पिरिटमध्ये पाणी जास्त असते. स्पिरिट जळून जाते आणि पाणी बोळ्यात मागे राहते. दर वेळी थोडे थोडे साचत जाते. डबा पूर्ण रिकामा झाल्यावर, विस्तवापासून दूर, उघडाच काही दिवस उन्हात ठेवावा. बाटलीचे बूचही घट्ट लावावे, कारण स्पिरिट हवेतला ओलावा ओढते.

तिसरे : पिवळी ज्योत, काजळी, डोळ्यांना झोंबणारा वास. इंधन भेसळीचे आहे किंवा ज्योतीला हवा पुरत नाही. या डब्यात रॉकेल कधीही घालू नये.

चौथे : गंज. बोटीवर खारी हवा पत्रा खाते, आपल्याकडे उतू गेलेली मिठाची डाळ तेच काम करते. शेगडी थंड झाल्यावर रोज कोरड्या फडक्याने पुसावी. डब्याला भोक पडले तर तो फेकून द्यावा. डाग देऊन घेऊ नये, आत वाफ उरलेली असते.

पाचवे : विझवण्याची झडप नीट बसत नाही. झडप वाकडी झाली असेल तर शेगडी वापरणे बंद करावे.

ही सगळी दुखणी किरकोळ आहेत. जिवावर बेतते ते वेगळ्याच चुकीने : जळत्या किंवा गरम शेगडीत वरून स्पिरिट ओतणे. स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते, भर उजेडात दिसत नाही. विझली असे समजून बाटली वाकवली की आग धारेवरून थेट हातापर्यंत येते. लग्नाच्या जेवणात भांड्याखाली जळणाऱ्या डब्यांनाही हाच नियम लावा. आसपास मुले असतात, दुपट्टे लोंबत असतात. म्हणून आधी विझवा, हात लावता येईल इतके थंड होऊ द्या, मग बाहेर नेऊन भरा. कोरोनाच्या दिवसांपासून घरात असलेले सॅनिटायझरही स्पिरिटच आहे, तेही चुलीपासून लांब ठेवा.

खर्चाचेही पाहा. एक किलो रॉकेलमध्ये सुमारे 43 मेगाज्यूल उष्णता असते, तर तेवढ्याच शुद्ध अल्कोहोलमध्ये सुमारे 27. म्हणजे तेच काम करायला दीडपटीहून अधिक इंधन लागते. रोजच्या स्वयंपाकाला ही शेगडी महागच पडेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी निम्मे पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारी खास शेगडी तयार केली. पाण्यामुळे भडक्याचा धोका कमी होतो. पण ती त्याच इंधनासाठी बनवलेली आहे, आपल्या शेगडीत पाणी घालून हा प्रयोग करू नये.

अल्कोहोल इंधन म्हणून वापरावे का, असा प्रश्न काही भगिनींच्या मनात येईल. यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत, आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावे. एवढे मात्र नक्की की शेगडीचे स्पिरिट मुद्दाम विषारी केलेले असते. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नका. त्यातल्या मिथेनॉलने डोळे जातात, जीवही जातो.

शेगडी पेटवताना खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कोळसा काय करतो हे खाणीच्या गावाला सांगायला नको. हवा पुरली नाही तर स्पिरिटही तोच विषारी वायू सोडते. आणि अल्लाह न करो, भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, तूप, शाई काही लावू नका. स्वच्छ फडके सैल झाकून दवाखाना गाठा.