उंदीर बोनलेस नसतो

मांजर मांसाहारी आहे, म्हणून त्याला कच्चं मांस घालावं. या वाक्याचा पहिला अर्धा खरा आहे. दुसरा त्याच्या खांद्यावर बसून विनातिकीट प्रवास करतो. रील्समधून तो आता आमच्या कामोठ्यापर्यंत पोचलाय. पाकिटातलं खाणं म्हणजे कचरा, खरं प्रेम असेल तर कच्चं चिकन द्या, आणि हो, ते स्वस्तातही पडतं! माझं भांडण मुख्यतः या शेवटच्या तुकड्याशी आहे. कच्चं आणि स्वस्त एकत्र आलं की त्याची वसुली मांजराच्या हाडांतून होते.

आधी ज्यावर वाद नाही ते. मांजराला प्राणिज अन्न लागतंच. त्याचं शरीर टॉरिन नावाचा घटक पुरेसा बनवू शकत नाही आणि गाजरापासून अ जीवनसत्त्वही तयार करू शकत नाही. आपल्या आजीकडचं मांजर दूधभातावर जगायचं ही गोड समजूत आहे. ते जगायचं उंदीर-पाखरांवर. दूधभात हा वरचा खुराक. आज तेच मांजर चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत आहे, खिडकीला जाळी आहे आणि उंदीर कुठेच नाही. त्यामुळे मांजराला 'शुद्ध शाकाहारी' करू बघणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

पण निसर्गाचं नाव घेणाऱ्यांनी निसर्ग नीट बघावा. मांजर उंदीर खातं तेव्हा हाडं, मेंदू, यकृत, रक्त, आतडी असं सगळं पोटात जातं. उंदीर बोनलेस नसतो. आपण चिकनवाल्याकडून आणतो तो माणसाच्या कढईसाठी सोललेला, साफ केलेला तुकडा. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या साधारण पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. मांजराला हे दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात लागतात. बाहेरून कॅल्शियम मिळालं नाही तर शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढतं. वाढत्या पिल्लाचं तर काही आठवड्यांतच बिनसायला लागतं. पिल्लू लंगडतं, उडी मारायला कचरतं, आणि साध्या पडण्यानं हाड मोडतं. तोवर केस मात्र चमकत असतात, त्यामुळे रील छान दिसतं.

आता हिशेब करू. घरातल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. म्हणजे बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम, महिन्याला पाच-सहा किलो. बोनलेसचा भाव किलोला तीनशे धरला तरी दीड हजाराच्या वर जातं, आणि त्यात कॅल्शियम, टॉरिन, ई जीवनसत्त्व, आयोडीन धरलेलंच नाही. याउलट साधं कोरडं कॅट फूड महिन्याला दोन किलो पुरतं. तीन-चारशेच्या भावानं ते आठशेच्या आत बसतं. स्वस्त नक्की काय आहे?

मग कच्चं 'बजेटमध्ये' बसतं कसं? काटछाट करून. आधी पूरकं जातात, मग बोनलेस जातं, आणि उरतं ते दुकानात सगळ्यात स्वस्त असलेलं: कलेजी आणि माशांची डोकी. कलेजी अधूनमधून उत्तम. पण महिनोन्‌महिने रोज पोटभर दिली तर अ जीवनसत्त्व साचत जातं आणि मानेचे मणके एकमेकांना चिकटू शकतात. असं मांजर स्वतःला चाटायलाही मान वळवू शकत नाही. कच्च्या माशाची गोष्ट वेगळी. काही माशांत थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, मोडणारं विकर असतं. ते शिजवल्यावर निकामी होतं, गोठवल्यानं होत नाही. थायामिन संपलं की मांजर झोकांड्या खातं, मान खाली वळते, झटके येतात. म्हणजे गरिबाला परवडणारा जो भाग, नेमका तोच कच्चा आणि रोज दिला की घात करतो. हे रीलमध्ये कुणी सांगत नाही.

आणि जंतू? 'मांजराचं पोट आम्लाचं असतं, त्याला काही होत नाही,' हे उत्तर नागपूरला जाऊन द्यावं. डिसेंबर २०२४च्या अखेरीस गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लू निघाला आणि संशय कोंबडीच्या मांसावर गेला. वाघापेक्षा नैसर्गिक मांसाहारी आणखी कोण? पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२५ला, आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू आढळला आणि कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. चिरनेर कामोठ्यापासून फार लांब नाही. 'आम्ही फ्रीझरमध्ये ठेवतो' म्हणणाऱ्यांसाठी ओरेगन आहे. अमेरिकेतल्या या राज्यात डिसेंबर २०२४मध्ये कधी घराबाहेर न पडणारं एक मांजर गोठवलेलं कच्चं खाणं खाऊन याच रोगानं दगावलं. फ्रीझरमध्ये विषाणू मरत नाही, टिकतो. साल्मोनेलाचंही तेच. चिकन नीट शिजवलं की दोन्ही मरतात.

शिवाय आपलं स्वयंपाकघर केवढं असतं? त्याच ओट्यावर कोथिंबीर चिरायची, त्याच सिंकमध्ये बाळाची वाटी धुवायची. घरात म्हातारं माणूस असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर कच्च्या मांसाचा रोजचा रगाडा म्हणजे विकतचं दुखणं. घरात कुणाला दिवस गेले की पहिलं काय होतं हेही ठाऊक आहे. टॉक्सोप्लाझ्मोसिसच्या भीतीनं मांजराची रवानगी थेट खाडीकडे. वास्तविक शिजवलेलं खाणारं, घरातच राहणारं मांजर आणि दुसऱ्या कुणीतरी रोज साफ केलेला लिटर बॉक्स एवढ्यावर तो धोका अगदी कमी होतो. कच्चं मांस मात्र त्या जंतूला घरात यायला दार उघडून देतं. मग शिक्षा मांजराला.

कच्च्यावाल्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. मांजर पाणी कमी पितं, कोरड्या खाण्यात पाणी फारसं नसतं, आणि बोक्यांना लघवी अडण्याचा त्रास होतो. पण पाणी कच्चेपणात नसतं, ओल्या खाण्यात असतं. ते उकडलेल्या चिकनच्या पाण्यातूनही मिळतं. टॉरिनही शिजताना त्याच पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून देऊ नये.

पाकीटवाल्या कंपन्यांची वकिली मला करायची नाही. १९८७मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी दाखवलं की तयार कॅट फूड खाणाऱ्या मांजरांची हृदयं टॉरिनच्या कमतरतेनं निकामी होत होती. चूक कंपन्यांचीच होती. पण ती मोजून पकडता आली आणि टॉरिन वाढवून सुधारता आली. घरच्या वाटीत काय कमी पडतंय ते कोण मोजणार?

म्हणून ज्यांचा हात आखडता आहे त्यांच्यासाठी माझं म्हणणं साधं आहे. पाकिटावर मांजरासाठी 'संपूर्ण आणि संतुलित आहार' असं लिहिलेलं, परवडेल ते कोरडं खाणं हा पाया ठेवा. कुत्र्याचं नको. वरून तंगडीचं मांस बिनमिठाचं, बिनकांदा-लसणाचं उकडून, हाड काढून, त्याच्या पाण्यासकट घाला. दिवसाच्या खाण्याच्या एक दशांशापर्यंत, म्हणजे एखाददुसरा मोठा चमचा. तेवढ्यानं तोल ढळत नाही. शिजवलेलं हाड कधीच नको, त्याच्या किरचा होतात. पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि काटा विकत घ्या. यातलं काही रीलमध्ये चांगलं दिसणार नाही.

मला राग येतो तो या सगळ्यातल्या शरमेचा. मानसरोवर स्टेशनवरून दमून घरी जाणारी मुलगी वाटेत पिशवीतून मूठभर स्वस्त कॅट फूड काढून चार भटक्या मांजरांना घालते. तिला कुणीतरी फोनवरून सांगतं की तू त्यांना कचरा खायला घालतेस. ती घालते त्यात कॅल्शियम आहे, टॉरिन आहे, आणि बर्ड फ्लू नाही. तिनं कुणाची माफी मागायची गरज नाही.