बर्लिनमधल्या कवट्या आणि इरावतीबाई

कांजूरमार्ग स्थानकाबाहेर पवईच्या आयआयटीकडे जाणाऱ्या रिक्षांच्या रांगेत उभे राहिले, की जर्मन विद्यापीठांतले प्रवेश, व्हिसा आणि बँकेत अडकवून ठेवावे लागणारे पैसे यांची चर्चा सहज कानी पडते. मित्रहो, ही वाट जुनी आहे. १९२८ साली त्याच वाटेने इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. त्यांची जी गोष्ट समाजमाध्यमांवर फिरते, तिच्याविषयी माझी तक्रार आहे.

‘हिटलरच्या वंशशास्त्राला धूळ चारणारी मराठी स्त्री’ अशा थाटात ती सांगितली जाते. कालक्रम पाहा. इरावतीबाईंचे संशोधन १९३०च्या सुमारास संपले. हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३मध्ये. त्यांच्यापुढे उभे होते ते विद्यापीठाची प्रतिष्ठा लाभलेले, राजमान्य ‘शास्त्र’. त्याला विरोध करणे मला अधिक अवघड वाटते.

त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे दालेम भागात १९२७ साली स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक. आजच्या नामिबियातील रेहोबोथ येथे, १९०८मध्ये, मिश्र वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करून त्यांनी नाव मिळवले होते. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्यातच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे मूळ आहे, असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला: या असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही.

आता त्यांची परिस्थिती ध्यानात घ्या. पती दिनकर स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेले, म्हणून घरून एक आधार होता. पण सासरे धोंडो केशव कर्वे यांचा या प्रवासाला विरोध होता. स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारणाऱ्या अण्णांचा विरोध! पैसे कर्जाऊ दिले डॉ. जीवराज मेहतांनी, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. उसन्या पैशावर, परक्या भाषेत, ज्याच्या संमतीवर पदवी अवलंबून त्याच्याच गृहीतकाविरुद्ध आकडे मांडायचे, हे धैर्य शांतपणे दाखवलेले आहे. फिशर यांनी पदवी अडवली नाही. गोष्ट रंगवताना हा तपशील गाळला जातो, कारण खलनायकाने पदवी देणे कथेला मानवत नाही.

याहून महत्त्वाचेही काही गळते. त्या कवट्यांपैकी काही पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. त्या माणसांना कोणी विचारले नव्हते. शिवाय इरावतीबाईंनी फिशरांचा निष्कर्ष नाकारला, मोजमापाची पद्धत मात्र सोबत आणली. डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातील जातिसमूहांची शरीरमापने घेतली, वि. म. दांडेकरांसह त्यांचा त्यावरील ग्रंथ १९५१ साली निघाला. जातीचा शोध देहाच्या मापांत घेता येतो, ही समजूत त्या ग्रंथामागे आहेच. त्यांचा चाहता म्हणून मला ही बाजूही मालिकेत हवी आहे. ती वगळून उरते ती नुसती आरती.

दालेममधील त्या संस्थेच्या इमारतीत आता फ्री युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी राज्यशास्त्र शिकतात. जवळच २०१४ साली बांधकामाच्या वेळी मानवी हाडे सापडली. ती कोणाची, हे ठरवण्यासाठी त्यांच्यावर वंशाच्या चाचण्या पुन्हा करायच्या नाहीत असे ठरले, आणि २०२३ साली त्यांचे निनावी दफन झाले.