अर्धं तिकीट आहे, गाडी कुठाय?

17 मार्च 2023 पासून एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट झालं. त्याच्या आदल्या वर्षी पंच्याहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना फुकट प्रवास झाला. शाळेच्या पोरींना पास फुकट आहे. हे सगळं चांगलंच आहे, कुणी वाईट म्हणणार नाही. पण सवलत मिळते गाडीत बसल्यावर. कुसूर-खांडीकडच्या वाडीवरची बाई सकाळी रस्त्याला येऊन उभी राहते आणि गाडीच येत नाही, तेव्हा तिला किती सवलत मिळाली? ती जीपवाल्याला पूर्ण भाडं देते, आणि जीप भरेपर्यंत ताटकळत बसते ते वेगळंच. शहराजवळच्या बाईला अर्धं तिकीट, आमच्या बाईला पूर्ण भाडं.

जमिनीचं सोडून हे एसटीचं काय काढलं, असं काही जण म्हणतील. मी म्हणते एसटी हा जमिनीचाच प्रश्न आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभा आपली, वनहक्क समिती आपली, ती गावात बसते. पण पुढचं सगळं खाली आहे. नकला काढायच्या तर तहसीलला वडगावला. उपविभागीय समितीची सुनावणी प्रांतसाहेबांकडे. जिल्हा समिती पुण्यात. दावा नामंजूर झाला तर निकाल कळल्यापासून 60 दिवसांत वर दाद मागायची. 60 दिवस ऐकायला लई वाटतात. त्यातून भातलावणीचे दिवस काढा, दरड आली म्हणून रस्ता बंद राहिला ते दिवस काढा, "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" हे दिवस काढा. मग मोजा किती उरले ते. एका खेपेला मजुरी बुडते आणि भाडं पण जातं. दोन-तीन खेपा झाल्या की म्हातारा माणूस म्हणतो, जाऊ दे ती जमीन. आणि सुनावणीला पोचला नाही तर कागदावर "गैरहजर" एवढंच येतं. का गैरहजर, ते कुणी लिहीत नाही.

ठोकळवाडीचं धरण टाटांनी बांधलं त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आपल्या खोऱ्यातलं पाणी घाटाखाली भिवपुरीला जातं, तिथं वीज होते, ती मुंबईला जाते. खोऱ्यातली सपाट जमीन पाण्याखाली गेली, तिच्यावरच्या जुन्या वाटाही गेल्या. आजचा रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळसे घेत जातो. पाणी खाली न्यायची सोय शंभर वर्षं चुकली नाही. माणसं खाली न्यायची सोय मात्र दर पावसाळ्यात कोलमडते.

आगारात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "भारमान नाही." म्हणजे गाडीत माणसं कमी, डिझेलचे पैसे निघत नाहीत. हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. गाडी आज आली, उद्या नाही, परवा दोन तास उशिरा आली, तर माणूस तिची वाट कशाला बघेल? तो जीपमध्ये बसतो. मग गाडी रिकामी धावते. मग भारमान नाही म्हणून फेरी कमी होते. मग उरलेली माणसंही जीपमध्ये. हे चक्र आपण सुरू केलेलं नाही. जीपवाल्यांना शिव्या देणाऱ्यातली मी नाही. रात्री बाळंतीण अडली तर दार वाजवायचं ते त्यांचंच. पण शाळेचं पोर जीपच्या मागच्या पायरीवर लटकून जातं, ते बघवत नाही.

माझ्या मते नुसती "बस सुरू करा" ही मागणी कामाची नाही. मागायची ती मुक्कामी गाडी. संध्याकाळी खालून आलेली गाडी रात्री खोऱ्याच्या टोकाला राहील आणि पहाटे तिथूनच भरून निघेल. कॉलेजची पोरं, कंपनीत जाणारे, कचेरीत जाणारे, दवाखान्याला कान्ह्याला जाणारे, सगळे त्या एका गाडीत येतात. शाळा भरल्यावर पोचणारी गाडी असेल तर फुकट पास काय चाटायचाय?

पण मुक्कामी गाडी म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टरनी रात्र गावात काढायची. पावसात, डासांत, गाडीतच आडवं होऊन, सकाळी संडासला जागा नाही. ते का येतील? 2021-22 च्या संपात हीच माणसं पगारासाठी कित्येक महिने बसली होती, ती आपल्यासारखीच कष्टकरी आहेत. समाजमंदिराची एक खोली, दिवा, पाणी आणि संडास एवढं गावाने द्यायचं आणि ते ठरावात लिहायचं.

दुसरी अडचण रस्त्याची. गाडी वळवायला जागा नाही, रुंदीकरण फॉरेस्टमध्ये येतं, असं सांगून विषय संपवतात. त्यांना वनहक्क कायद्याचं कलम 3(2) दाखवा. रस्ता, शाळा, दवाखाना अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. अट एवढीच की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं जाऊ नयेत. हे कलम आपण दाव्यांच्या गडबडीत विसरून गेलोय. कातकरी वाड्यांसाठी 2023 ची जनमन योजना पण आहे. तिच्यात घर आहे, रस्ता आहे, मोबाईलचा टॉवर आहे. रस्ता झाल्यावर त्यावर काय धावायचं, ते तिच्यात नाही. ते आपल्यालाच मागावं लागणार.

आपलं मावळ पेसात येत नाही, जुन्नर-आंबेगावची काही गावं येतात. त्यामुळे ठराव मोठ्या गावच्या ग्रामसभेत होणार, आणि तिथं वाडीवरचा माणूस मागच्या भिंतीला बसतो. या वेळी पुढे बसा. ठरावात प्रत्येक वाडीतून शाळा-कॉलेजला किती पोरं जातात, त्यात पोरी किती, किती वाजता पोचायचं, कामाला रोज किती माणसं उतरतात, हे आकड्यात लिहा. अंदाज नको, घर फिरून मोजा. भारमानाला उत्तर हेच. अर्ज तळेगावच्या आगार व्यवस्थापकांना, नकला पुण्याच्या विभाग नियंत्रकांना, तहसीलदारांना आणि घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

वाड्यांनी एकेकटं जाण्यापेक्षा सगळे ठराव एकाच दिवशी घेऊन तळेगावला जाऊ. दिवस पुढच्या बैठकीत ठरवू. आणि जायचं कसं, ते मात्र जीपवाल्याशीच बोलावं लागेल.