वणवा डोंगरात, ठिणगी वळचणीला

उत्तर कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे डोंगरावरचे गाव 8 नोव्हेंबर 2018 रोजी काही तासांत बेचिराख झाले. विजेच्या जुन्या वाहिनीवरचा एक झिजलेला हूक तुटल्याचे निमित्त झाले. त्या वणव्यात 85 माणसांचा जीव गेला आणि 18 हजारांहून अधिक बांधकामे जळाली. नंतर आकाशातून घेतलेली गावाची छायाचित्रे जगभर छापून आली. त्यांतली एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. घरांच्या जागी नुसते जोते आणि राख होती, पण त्या राखेच्या मधोमध पाइनची झाडे उभी होती आणि त्यांतल्या कित्येकांचे शेंडे हिरवे होते. जंगलातून आगीची लाट आली आणि गाव गिळून गेली असे घडले असते, तर आधी झाडे जळायला हवी होती. इथे घरे जळाली आणि झाडे राहिली.

अमेरिकी वन सेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन हे कोडे कित्येक वर्षे आधीपासून मांडत आले होते. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलात मुद्दाम मोठे वणवे पेटवून त्यांची मोजमापे घेण्यात आली. त्या वेळी कोहेन यांनी जंगलाच्या कडेपासून वेगवेगळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या केल्या. ज्वाळा झाडांच्या शेंड्यांवरून उसळत असतानाही 30 मीटरवरची लाकडी भिंत पेटली नाही. याचे कारण साधे आहे. जंगलातली आग एका जागी फार वेळ थांबत नाही. तिची प्रखर धग मिनिटभरात ओसरते, आणि तेवढ्या वेळात काही अंतरावरचे लाकूड पेटण्याइतके तापत नाही.

मग घरे जळतात कशाने? ठिणग्यांनी. सोसाट्याच्या वाऱ्यात जळत्या सालींचे, फांद्यांचे, पाइनच्या फळांचे तुकडे एक-दोन किलोमीटर पुढे सहज जाऊन पडतात. त्यांतला एखादा पन्हळीत साचलेल्या वाळक्या पानांवर पडतो. एखादा वळचणीखालच्या हवेच्या झरोक्यातून थेट पोटमाळ्यावर जातो. एखादा भिंतीला टेकवून ठेवलेल्या सरपणात, पायपुसण्यावर किंवा लाकडी डेकच्या फटीत धुमसत राहतो. आगीची मुख्य रेषा अजून कोसभर दूर असते आणि घर आतून पेटलेले असते. दक्षिण कॅरोलिनात विमा कंपन्यांच्या पैशातून चालणारी एक संशोधन संस्था आहे. तिथे 105 प्रचंड पंख्यांसमोर खरेखुरे घर उभे करून त्यावर ठिणग्यांचा मारा केला जातो. एकाच घराचा अर्धा भाग नेहमीच्या पद्धतीने आणि अर्धा काळजीपूर्वक बांधलेला असला, तर काही मिनिटांत नेहमीचा अर्धा पेटतो आणि दुसरा तसाच उभा राहतो. दोन्हींत फरक असतो तो छपराच्या साहित्याचा, झरोक्यावरच्या बारीक जाळीचा आणि पायथ्याशी झुडपांऐवजी पसरलेल्या खडीचा.

एक घर पेटले की गणित बदलते. वणवा मिनिटभरात पुढे सरकतो, घर मात्र तासन् तास जळते. शेजारचे घर 20 फुटांवर असेल तर त्याला तेवढी धग पुरते. तिथून पुढे जंगलाचा संबंध संपतो, कारण आता घरेच इंधन झालेली असतात. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडीना या भागांत हेच घडले. दोन वणव्यांनी मिळून 16 हजारांहून अधिक बांधकामे नष्ट केली. त्यांतली कित्येक घरे रानाच्या कडेला नव्हती. ती चांगल्या आखलेल्या, रस्ते-गल्ल्या असलेल्या वस्तीत होती.

त्या आगीनंतर राजकीय वाद रंगला तो पाण्याचा. उंचावरच्या नळखांबांना पाणी नव्हते, एक जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा होता, हे खरेच. पण शहराची पाणीव्यवस्था एकेका इमारतीची आग विझवण्यासाठी आखलेली असते. शेकडो घरे एकाच वेळी पेटल्यावर ती कुठेही अपुरीच पडेल. पहिल्या रात्री वारा इतका होता की पाणी टाकणारी विमानेही उडू शकली नाहीत. जी आग विझवता येत नाही ती घराला लागू न देणे एवढेच हाती उरते, आणि त्यासाठी लागतात जाळी, झाडू आणि थोडी खडी. विमानांसमोर उभे राहून पुढाऱ्यांना छायाचित्र काढता येते, साफ केलेल्या पन्हळीसमोर कोण काढणार?

हे उपाय खरोखर उपयोगी पडतात का, याचे उत्तर पॅरडाइजच्याच राखेतून मिळाले. संशोधकांनी तिथल्या घरांचा अभ्यास केला. 1997 पूर्वी बांधलेल्या घरांपैकी जेमतेम दहातले एक वाचले होते, तर त्यानंतरच्या घरांपैकी दहातली सुमारे चार. कॅलिफोर्नियाने 2008 पासून वणवाप्रवण भागातील नव्या घरांसाठी कडक बांधकाम नियम लागू केले, त्यांचा वाटा यात किती हे मात्र स्पष्ट दिसले नाही. त्या नियमांच्या आधीची, पण 1997 नंतरची घरेही जवळपास तितकीच टिकली होती. घर वाचण्या-जळण्याशी सर्वांत घट्ट नाते दिसले ते एका गोष्टीचे: जळालेले शेजारचे घर किती अंतरावर होते.

त्यामुळे हा प्रश्न एकट्या घरमालकाचा राहत नाही, लसीकरणासारखा होतो. एकाने सगळी काळजी घेतली आणि शेजाऱ्याने लाकडी कुंपणाला लागून कचरा साठवला, तर पहिल्याची काळजी वाया जाऊ शकते. उलट गल्लीतल्या बहुतेकांनी ती घेतली, तर एखाद्या निष्काळजी घराचाही बचाव होतो. अशा ठिकाणी केवळ आवाहन पुरत नाही, नियम लागतो.

नियमाची गोष्ट मात्र उत्साहवर्धक नाही. घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत पेट घेणारे काहीही असू नये, यासाठी कॅलिफोर्नियाने 2020 मध्ये कायदा केला. त्याची नियमावली 1 जानेवारी 2023 पर्यंत व्हायची होती, ती झाली नाही. लॉस एंजेलिस जळल्यानंतर, फेब्रुवारी 2025 मध्ये, राज्यपालांना ती वर्षअखेरीपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश काढावा लागला. आडवे आले ते नागरिकांचे आक्षेप. खिडकीखालची झुडपे सावली देतात, आडोसा देतात, ती काढायला खर्च येतो, एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी हे करायचे कसे? हे आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. पाणी दिलेले हिरवे झुडूप आणि वाळलेले झुडूप यांच्या धोक्यात फरक आहे, आणि त्यावर शास्त्रज्ञांतही चर्चा चालू आहे. पण भिंतीला टेकलेले लाकडी कुंपण, लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन आणि सरपणाची रास यांविषयी वाद नाही. निदान तेवढ्यावर तरी नियम अडायला नको होता. खर्चाचे कारणही नव्या घरांना लागू पडत नाही. असे घर नेहमीच्या घराइतक्याच खर्चात बांधता येते, असा हिशेब 2018 मध्ये मोंटानातल्या एका अर्थविषयक संस्थेने मांडला होता.

घर जळण्याची किंमत घरमालकापुरती राहत नाही. लाकडाचा धूर वाईटच, पण घरासोबत प्लास्टिक, जुने रंग, वायरी, बॅटऱ्या, मोटारी जळतात. पॅरडाइज जळत असताना आसपासच्या हवेत शिशाचे प्रमाण नेहमीच्या कित्येक पट झाले होते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. पुढे गावच्या जलवाहिन्यांत बेंझिन हे कर्करोगकारक रसायन सापडले आणि उभ्या राहिलेल्या घरांतले लोकही नळाचे पाणी पिऊ शकले नाहीत.

कॅलिफोर्नियात नातेवाईक असलेल्या मराठी कुटुंबांपुरताच हा विषय नाही. सह्याद्रीत फेब्रुवारीपासून वाळके गवत पेटू लागते. बहुतेक वेळा ते माणसानेच पेटवलेले असते. वन विभाग जाळरेषा काढतो आणि कोकणात आंबा-काजूच्या बागा वणव्यात गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आपल्याकडचे वणवे बहुधा गवताचे, कॅलिफोर्नियाइतके उग्र नाहीत. जुन्या खेड्यांत शाकारलेली छपरे ठिणगीने पेटत, तेव्हा जुने ते सगळे सुरक्षित असेही नाही. पण घरापुढचे अंगण सारवून, झाडून मोकळे ठेवलेले असे, आणि कॅलिफोर्निया आज ज्या पाच फुटांसाठी झगडते आहे ते त्यात आपसूक मिळत. आता मुळशी, पानशेत, लोणावळ्याच्या डोंगरउतारांवर फार्महाऊस उभी राहत आहेत. तिथे गवताळ माळाकडे तोंड केलेला लाकडी डेक हौसेने बांधला जातो, आणि एप्रिलमध्ये त्या डेकखाली काय साचले आहे हे आठवड्यातून एकदा येणाऱ्या मालकाला ठाऊक नसते.