मूल ओकते म्हणून पट्टा सोडावा काय?

गणपतीच्या दिवसांत मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या, कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठणाऱ्या किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीकडे जाणाऱ्या मोटारींत एक मत इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की, त्याला हरकत घेण्याचे धाडस घरातील धाकट्या माणसांना सहसा होत नाही. ते मत असे की, दोन वर्षांच्या मुलाला गाडी लागू लागली, म्हणजे त्याला कारसीटमधून सोडवावे, आईने मांडीवर घ्यावे, काच खाली करावी आणि घाट उतरेपर्यंत त्याला तेथेच थोपटीत ठेवावे. हा सल्ला देणारी आजी किंवा मावशी निष्काळजी नसते. पांढऱ्याफटक पडलेल्या, घामेजलेल्या लेकराकडे पाहून तिचा जीव कळवळलेला असतो. मत वात्सल्यातून निघालेले असल्यामुळे त्याचे खंडन अवघड होते, आणि त्यात लेकराच्या जिवाची जोखीम असल्यामुळे ते टाळताही येत नाही.

या पक्षाचे म्हणणे त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडू. पट्ट्याने पोट आवळले जाते म्हणून मूल ओकते. बांधलेल्या स्थितीत उलटी झाली तर ती घशात अडकेल. आईच्या कुशीत त्याला स्वास्थ्य वाटते. घाटात गाडी तशीही सावकाश चालते. आणि आमची सारी पिढी मांडीवर बसूनच गावी गेली, तिला काय झाले?

मळमळीचे मूळ मुळी पोटात नाही, ते कानात आहे. अंतःकर्णातील तीन अर्धवर्तुळाकृती नलिका आणि त्यांच्या शेजारची सूक्ष्म इंद्रिये शरीराचे वळणे, डोलणे, थांबणे मेंदूला कळवीत असतात; त्याच वेळी डोळे समोरच्या आसनाच्या स्थिर पाठीकडे किंवा हातातल्या मोबाइलकडे लागलेले असले, तर ते ‘आपण हललोच नाही’ अशी उलट साक्ष देतात, आणि या दोन साक्षींचा मेळ न बसल्यामुळे घाम, जांभया, लाळ आणि अखेर उलटी असा क्रम सुरू होतो. १८८२ साली विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मूकबधिर व्यक्तींची पाहणी करून दाखवले की, त्यांच्यापैकी पुष्कळांना गरगर फिरवले तरी घेरी येत नाही. आणि ज्यांचे अंतःकर्णातील हे इंद्रिय पूर्णपणे निकामी झालेले असते त्यांना बोट किंवा गाडी लागत नाही, हेही पुढे स्थिर झाले. त्यांचे पोट तर इतरांसारखेच असते! शिवाय नीट बसवलेला पाच टोकांचा पट्टा दोन खांदे, दोन कटिभाग आणि जांघा यांवरून जातो. तो पोट आवळीत नाही. आवळीत असेल तर तो चुकीचा बांधला गेला आहे, आणि त्यावरचा उपाय तो नीट बांधणे हा होय.

आता मांडीविषयी. डोके जितके अधिक हलेल तितकी मळमळ वाढते, हे या विकाराचे ठरलेले लक्षण आहे. कारसीटमध्ये मुलाचे डोके दोन्ही बाजूंनी टेकलेले असते. मांडीवर मात्र आई प्रत्येक वळणावर स्वतःच झुकते, तिच्याबरोबर मूल झुकते, आणि त्याचे तोंड तिच्या छातीशी असल्यामुळे त्याच्या डोळ्यांना रस्ताही दिसत नाही. म्हणजे ज्या स्वास्थ्यासाठी सुरक्षिततेचा त्याग करावयाचा, ते स्वास्थ्यही तेथे पुरते लाभत नाही. आईचा स्पर्श मुलाला धीर देतो, ही गोष्ट मी अंतःकरणपूर्वक कबूल करतो. परंतु तो स्पर्श शेजारी बसून, हात धरून, कपाळावर ओला रुमाल ठेवूनही देता येतो.

आणि धडक बसली तर? ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी आदळून पाऊण मीटरच्या आत थांबली, तर दहा किलोच्या मुलाला धरून ठेवण्यास सुमारे १३० किलो वजन तोलण्याइतके बळ लागते, आणि तेही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. असे बळ कोणत्याही आईच्या बाहूंत नसते. तिच्या प्रेमाला त्यामुळे कोणताही उणेपणा येत नाही. स्वतःचा पट्टा मुलाच्या अंगावरून घेऊन दोघांना एकत्र बांधण्याची तोड तर अधिकच घातक, कारण आईच्या देहाचा सारा भार त्या पट्ट्यावर आणि पट्ट्याखालच्या मुलावर येतो. घाटातील सावकाशीचा दाखलाही टिकत नाही: ताशी ३० किलोमीटरचा वेग म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून, घराच्या एका मजल्याहून अधिक उंचीवरून, खाली पडणे, आणि आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकचा वेग आपल्या हाती नसतो. मागच्या आसनावर भय नाही, ही समजूत किती पोकळ आहे, हे २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा जो अंत झाला त्याने साऱ्या देशाला दाखवले. मागे बसलेल्यांनी पट्टे बांधले नव्हते, असेच पोलिसांनी तेव्हा सांगितले.

राहता राहिली मागच्या पिढीची साक्ष. ही साक्ष जे सुखरूप पोहोचले त्यांचीच असते. जी मुले वाटेत गेली ती घरच्या बैठकीत येऊन आपली कैफियत मांडू शकत नाहीत. कायद्यानेही आता हा प्रश्न निकालात काढला आहे: मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९४ ब अन्वये, चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालसुरक्षा आसन न लावता गाडी चालवणाऱ्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम लहान असली तरी त्यामागील तत्त्व मला मोलाचे वाटते, ते हे की, मूल स्वतः पट्टा बांधू शकत नाही, सबब त्याची जबाबदारी मोठ्यांवर आहे.

उलटी घशात अडकण्याचे भय मात्र मी हलके मानीत नाही. निरोगी, जागे मूल खोकून आपला घसा मोकळा करते. तरीही एका जाणत्या माणसाने मागे मुलाशेजारी बसावे, उलटी येताच त्याची मान कुशीकडे वळवावी, तोंड पुसावे, आणि चालकाने मागे वळून न पाहता पुढील सुरक्षित जागी गाडी घ्यावी. गाडी उभी राहिल्यावर पट्टा सोडावा, त्याआधी नाही. वळणावर किंवा द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबू नये. पेट्रोल पंप, उपाहारगृह, घाटातील रुंद मोकळी जागा पाहावी, मुलाला उघड्या हवेत घ्यावे, डोळे मिटवून थोडा वेळ आडवे करावे.

पाठमोऱ्या आसनाची तक्रार वेगळी आहे आणि तीत थोडे तथ्य आहे, कारण तेथून मुलाला पुढचा रस्ता दिसत नाही. परंतु स्वीडनमध्ये बर्टील आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या आसनावरून ही कल्पना घेतली ती सबळ कारणासाठी: लहान मुलाचे डोके देहाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते, आणि पाठमोरे आसन धडकेचा आघात साऱ्या पाठीवर वाटून देते. युरोपातील नवा नियम निदान पंधरा महिन्यांपर्यंत याची सक्ती करतो; आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसेच बसवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ती मर्यादा ओलांडली असेल तर आसन खुशाल पुढे वळवावे. केवळ उलटीसाठी त्याआधी वळवू नये.

मग करावे काय? पहिली तजवीज चालकाची. साधारण पाच सेकंदांना एक अशा संथ हेलकाव्याने मळमळ सर्वाधिक होते, आणि घाटात वेग घेऊन वळणावर एकदम दाबलेला ब्रेक नेमका तसाच हेलकावा देतो. वळणाआधीच वेग उतरवणारा, ओव्हरटेकचा मोह आवरणारा चालक कोणत्याही गोळीहून गुणकारी असतो, आणि दुर्दैवाने याच उपायाची चर्चा घरात सर्वांत कमी होते. वेळेवर पोहोचण्याचा हुकूम मात्र निघण्याआधीच सुटलेला असतो. निघण्याची वेळ मुलाच्या झोपेची असावी, पण ती साधण्यासाठी चालकाने रात्रभर जागून गाडी हाकणे हा शहाणपणा नव्हे. पोट उपाशीही नको, तुडुंबही नको. मऊ भात किंवा पोळीचा तुकडा आणि घोट घोट पाणी पुरे. मोबाइल आणि चित्रांची पुस्तके बंद. लिंबू हुंगायला द्यावे, त्यात अपाय नाही. पण आवळासुपारी, शेंगदाणे, खडीसाखर चालत्या गाडीत या वयात देऊ नये, कारण ती घशात अडकण्याची भीती उलटीहून खरी आहे. मुलाखाली वर्तमानपत्राच्या घड्या घालू नयेत. त्याने पट्टा सैल पडतो.

गोळीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मोठ्यांच्या अ‍ॅव्होमिनचा तुकडा कुस्करून तान्ह्याला देण्याची रीत बंद झाली पाहिजे. तीत प्रोमेथाझिन असते, आणि या औषधाने दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली छापावयास लावला. त्याहून मोठ्या मुलालाही ते बालरोगतज्ज्ञाने वजन पाहून ठरवल्याखेरीज देऊ नये.

उलटी झालीच तर कपडे बदलावेत, आसनाचे कापड सूचनापत्राप्रमाणे धुवावे. पण पट्टे पाण्यात भिजत घालू नयेत, यंत्रात टाकू नयेत, त्यांवर तीव्र साबण वापरू नये, कारण त्याने धागा दुबळा होतो. ते सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावेत, सावलीत वाळवावेत, आणि परतीच्या दिवशी मुलाला बसवून झाल्यावर गळपट्टीच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी येत असेल तर तो अजून ओढायचा आहे, आणि तोवर गाडी दारातच उभी राहू द्यावी.