विश्लेषण : एका क्लिकवर ‘वारली’! फोटो अ‍ॅपमधून चित्रशैली शिकता येते का?

पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आज काही सेकंदांत व्हॅन गॉगच्या किंवा वारली शैलीत बदलता येतो. मार्च २०२५ मध्ये ‘घिबली’ चित्रांची लाट आली, तेव्हा चित्रशैली म्हणजे फोटोवर चढवायचा मुलामा, असे अनेकांना वाटू लागले. चित्रकलेच्या तासाला ही साधने कितपत उपयोगी आहेत आणि कुठे दिशाभूल करतात?

फोटोचे ‘चित्र’ होते कसे?

या तंत्राचा पाया २०१५ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांनी घातला. नदीकाठच्या घरांचा एकच फोटो त्यांनी व्हॅन गॉग, टर्नर, मुंक यांच्या शैलीत बदलून दाखवला. संगणक फोटोतून ‘काय आहे’ म्हणजे आकार आणि मांडणी घेतो, तर चित्रातून ‘कसे रंगवले’ म्हणजे रंग, पोत, कुंचल्याचे फटकारे घेतो. मग दोन्हींचा मेळ घालतो. २०१६ मध्ये आलेल्या ‘प्रिझ्मा’ अ‍ॅपने हेच तंत्र मोबाइलवर आणले. आताची एआय साधने असंख्य चित्रांवरून शिकून चित्र नव्याने तयार करतात.

मग अडचण कुठे आहे?

शैली म्हणजे केवळ पोत नव्हे. वारली चित्रात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्या आकारांत सारे जग मांडले जाते. जवळचे मोठे, दूरचे लहान हा कॅमेऱ्याचा नियम तिथे चालत नाही. साधा फिल्टर कर्नाळ्याच्या फोटोला तपकिरी-पांढरा रंग देतो; मांडणी कॅमेऱ्याचीच राहते. एआय साधन त्रिकोणी माणसेही काढून देते, पण काय ठेवायचे आणि काय गाळायचे हा निर्णय विद्यार्थी घेत नाही. शैली शिकणे म्हणजे तो निर्णय घ्यायला शिकणे.

वर्गात वापर कसा करता येईल?

अ‍ॅपचे चित्र उत्तर म्हणून न घेता प्रश्न म्हणून घेता येते. कर्नाळ्याचा फोटो, त्याची फिल्टर केलेली प्रत आणि जिव्या सोमा म्हसे यांचे चित्र शेजारी ठेवून ‘अ‍ॅपचे काय चुकले?’ असे विचारता येते. दुसरा मार्ग ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ‘फोटोपी’सारख्या संपादकाचा. त्यातील ‘पोस्टराइज’ने रंगांच्या छटा कमी केल्या, की वॉरहॉलची सपाट रंगांची छापील चित्रे समजू लागतात. सरा यांचे ठिपक्यांचे चित्र पडद्यावर मोठे करत नेले, की दुरून एकजीव दिसणारे रंग सुटे होतात. शेवटी तोच किल्ला कागदावर हाताने काढायचा. अंगठ्यासारखा दिसणारा सुळका किती त्रिकोणांत बसवायचा, हे मुलांनीच ठरवायचे.

परीक्षेत याचा फायदा होईल का?

थेट नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्र, संकल्पचित्र हाताने काढावे लागते. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी या परीक्षा देणाऱ्यांना तयार फिल्टरची सवय उलट महागात पडू शकते. निरीक्षण वाढले, तरच फायदा.

काळजी कोणती घ्यावी?

मुलांच्या चेहऱ्यांऐवजी किल्ला, तलाव, वस्तू यांचे फोटो वापरावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या विद्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. दुसरा मुद्दा श्रेयाचा. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. लग्नघरातील चौक आणि पालघट देवी ही त्या समाजाची श्रद्धा आहे. अ‍ॅपच्या यादीत मात्र ‘वारली’ हे फक्त एका बटणाचे नाव असते. त्या बटणामागची माणसे कोण, हे सांगणे अजूनही शिक्षकाचेच काम आहे.